अप्पांच्या संग्रहालयापुढे काय लिहू?

पुणे

प्रिय आईस, मनापासून जय भीम.

इथे चहात साखर विचारून घालतात. एवढा अन्याय सोडला तर मी मजेत आहे.

संग्रहालयं कधी उघडली, कधी बंद पडली, ते संगणकात भरतोय. काल यादीत गोकुळ रोडवरची अप्पांची खोली आली, जुन्या कारखान्यांच्या अवजारांची. साहेब म्हणाले, “‘बंद’ लिहा.”

“अप्पा गेल्यावरही आई रोज कुलूप उघडून झाडते, सर.”

“बघायला शेवटचं कोण आलं होतं?”

अप्पा बोलवायचे तेव्हा मीसुद्धा दारातच चहा पिऊन निघायचो.

गुडघा कसा आहे? शेजारची राणी मदतीला येते ना?

नोंद अजून कोरीच ठेवलीय. रविवारी येतोय. अप्पांनी छापलेलं तिकीट आधी फाड, पैसे घे, एकेक अवजार दाखव. मग जेवायला वाढ.

तुझा,
धम्मानंद