भरलेली बाटली

बुधवार, संध्याकाळ

सकाळी नेलेली पाण्याची बाटली आजही तशीच भरलेली परत आली. लघवीला जळजळ होऊन राह्यली म्हणून दुपारी डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "सिस्टर, दिवसभर पाणी पिता की नाही?"

काय सांगू? लसीकरणाला भोकरदनहून गावोगाव मोटारसायकलवर फिरते. वाटेत बाईमाणसानं जायचं कुठं? म्हणून पीतच न्हाई. अन् गरोदर बायांना मात्र रोज दटावते, भरपूर पाणी प्या म्हणून!

वाटेतल्या पेट्रोल पंपावर बायकांचा संडास आहे, पण त्याला कायम कुलूप. चावी मागायची मला लाज वाटायची. कशापायी?

उद्या पंप येईस्तोवर बाटली रिकामी करणार, अन् सगळ्यांसमोर चावी मागणार. लाजायचंच तर कुलूप लावणाऱ्यानं लाजावं.