टाकीवरची खंडेनवमी

घोडपदेव

प्रिय धर्मादादा,

फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि सोयीचं नसलं की मुळीच येत नाही, म्हणून लिहिते. वहिनीकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच.

संप संपला तरी गिरणीने तुला परत घेतलं नाही. तू पिशवी उचलून कणकवली गाठलीस आणि परळचं तोंड पुन्हा बघणार नाही म्हणालास. नाहीच बघितलंस. माझ्या लग्नाला आला नाहीस, माझ्या मृणालिनीच्या बारशालाही नाही. मला अजून राग आहे, सांगून ठेवते.

तर त्याच गिरणीच्या जागेवर आता काचेची इमारत आहे आणि तुझी भाची तिथे इंजिनिअर आहे. बँकांचे, इस्पितळांचे मोठाले कॉम्प्युटर तिथे रात्रंदिवस चालतात नि तापतात. आधी पंखे, एसी लावून गार ठेवायचे. आता यांनी ते चक्क तेलाच्या टाक्यांत बुडवलेत, बरणीतल्या लोणच्यासारखे. त्या तेलातून म्हणे वीज जात नाही, उष्णता तेवढी ते ओढून घेतं. पंखे काढले, त्यामुळे आवाज नाही. तुझे कान कापड विणायच्या साच्यांच्या खडखडाटाने गेले रे, हिचे शाबूत राहतील, मला त्याचंच कौतुक.

पण वळण मामाचं! गिरणीत खंडेनवमीला साच्यांना झेंडू कसा बांधायचात, ते मे महिन्यात गावी तूच तिला सांगायचास ना? गेल्या वर्षी आमच्या मृणाल बाईसाहेबांनी टाकी उघडी असताना वरून हळदकुंकू वाहिलं. सगळं तेल उपसून गाळावं लागलं. नोकरी जाते की काय, म्हणून माझा जीव टांगणीला. साहेबांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? ही म्हणाली, "माझ्या मामाने. तो इथेच साच्यावर होता." साहेबांनी नुसती समज देऊन सोडलं.

यंदा खंडेनवमीला नवा हॉल सुरू होतोय. झाकण बंद ठेवून, नुसती फुलं वाहून पूजा करायला साहेबांनी परवानगी दिलीय. पूजेला मृणालला बसवत होते. तिने मामाचं नाव सांगितलं. तुला विचारायला मात्र घाबरते. तू नाही म्हणालास तर हसून सोडून देईल आणि घरी येऊन रडेल, मी ओळखते तिला. दादा, संपानंतर गिरणीच्या फाटकावर तू रोज जाऊन उभा राहायचास, कुणी आत घेतलं नाही. आता आतून आपली पोर येणार आहे तुला हाताला धरून न्यायला. ये रे.

तुझीच,
गुणी