घोड्याच्या बदल्यात बरोबरी

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार लिहिला तर तू हसशील, म्हणून गाळते. आईचा गुडघा आता बरा आहे. बाबांनी गॅलरीला पुन्हा तोच भयंकर हिरवा रंग दिलाय. स्पर्धेत मी दुसरी आले. बुद्धिबळाचा शेवटचा डाव जिंकले असते तर पहिली आले असते, बरोबरी झाली.

कुणाशी, ते विचारशीलच. भावोजींशी. आता त्यांना दुसरं काय म्हणायचं, ते मला सुचत नाही.

पांढऱ्या सोंगट्या माझ्याकडे होत्या. सुरुवात तुझीच केली: आधी उंटापुढचं प्यादं द्यायचं, मग घोडाही मारू द्यायचा, राजाला कोपऱ्यात सुरक्षित ठेवायचं आणि तुटून पडायचं. घोडा गेला तेव्हा शेजारच्या पटावरचे काका चक्क "अरेरे" म्हणाले. भावोजींनी मात्र मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसत बसले.

मला जिंकायचं होतं ते बक्षिसासाठी नव्हे गं. तुमच्या स्वयंपाकघरात, याच सुरुवातीवरून वाद घालताना, कुकरच्या शिट्ट्यांचं भान विसरून, तू म्हणायचीस, "इथे मात होते म्हणजे होते!" आणि ते म्हणायचे, "फार तर बरोबरी." तुझं खरं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दाखवायचं होतं.

नाही जमलं. वजिराने शह दिला, त्यांचा राजा सरकला. पुन्हा शह, पुन्हा सरकला. मी शह देणं थांबवलं असतं तर मीच हरले असते. तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की नियमाने बरोबरी, म्हणून पंचांना बोलावलं.

वाटलं, आता म्हणतील, बघ, मी सांगत होतो. पण ते सोंगट्या डब्यात भरत राहिले. मग हळूच म्हणाले, "बरोबरीच आहे. पण मात आहे असं एकदा म्हणून टाकलं असतं, तर माझं काय बिघडणार होतं?"

मी पट गुंडाळायला घेतला.

"खेळते का ती अजून?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही गेल्यापासून पट उघडलेला नाही तिने."

डब्याचं झाकण लावत म्हणाले, "फोन करू तिला?"

"मला नका विचारू. उचलायचा की नाही, ते ती ठरवेल."

तुझा नवा नंबर मी दिला, ताई. हवं तेवढं रागव. रविवारी सकाळी करतील. आईला यातलं अक्षरही बोललेले नाही.

आणि दर रविवारी मी तुझ्याकडे चहाला येते ना, या रविवारी येणार नाही.

तुझीच बाजू घेऊन खेळलेली,
धाकटी