हूल्रमाप, वय वर्षं एकोणतीस

७ नोव्हेंबर १९९३, सकाळ
पेपरात जाहिरात. सरकारी संगणक केंद्र, गोपनीयता सहायक, जागा एक. सरकारची गुपितं आता कॉम्प्युटरमध्ये राहणार, त्यांच्यावर पहारा ठेवायचा. वयोमर्यादा तीस. मला फेब्रुवारीत तीस पूर्ण. म्हणजे जागा माझ्यासाठीच काढली आहे.
कॉम्प्युटर मी दोन वेळा पाहिला आहे. एकदा काचेतून.

९ नोव्हेंबर
आजपासून रोज पाच तास अभ्यास. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जातात, म्हणून घरात मोजे घालून चालण्याचा सराव. मंजुळा म्हणाली, धुवायचाबी सराव करा.
चितेगावच्या कारखान्यात उशीर झाला. आप्पासाहेब, टाइम ऑफिसातले आमचे साहेब, म्हणाले, टाइमकीपरची जागा कायम होतीय, तुझं नाव धाडू का? विचार करून सांगतो, म्हणालो. त्यांची दया आली.
मंजुळाला पाचवा महिना. ती म्हणाली, अहो, हो म्हणा.
अभ्यास उद्यापासून.

१४ नोव्हेंबर
सायफर तयार केला. प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतलं पुढचं. क चा ख, स चा ह. सूर्यभान सोनाजी म्हणजे हूल्रमाप होपाझी. जगात कोणाला उकलणार नाही. अर्जावर हेच नाव लिहिलं. निवड करणारे ओळखतील, हा आपला माणूस. पत्ता मात्र साधा. पोस्टमनची परीक्षा नाही.
कन्नडहून वडील आले आहेत. त्यांना अक्षरं जेमतेम येतात. कागद बघून म्हणाले, समदी मेंढरं एकेक वाडा पुढं हाकललीस व्हय?
योगायोग.

२० डिसेंबर
हॉल तिकीट आलं! हूल्रमाप होपाझी यांच्या नावानं! सरकारला उकललं नाही. निम्मी परीक्षा इथंच पास.
कचरू पोस्टमन गल्लीभर ओरडत आला, हूलमाप कोण हाय, हूलमाप? मंजुळा म्हणाली, आमचेच हायेत. गोपनीयता म्हणून नाही.
परीक्षा २३ जानेवारी. अभ्यास आज शून्य तास. आनंदात डोकं बसत नाही.

१४ जानेवारी १९९४
विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं. शेजारचा पुंडलिक नामांतरासाठी दोनदा तुरुंगात जाऊन आला आहे. तिळगूळ द्यायला गेलो तर त्यानंच पेढा भरवला. भरवताना रडत होता. सोळा वर्षं, एवढंच म्हणाला.
मी म्हणालो, माझंही होणार. काय, म्हणाला. गोपनीय, म्हणालो.

१७ जानेवारी
आप्पासाहेबांनी शेवटचं विचारलं. राजीनामा दिला. वर ‘विषय: अर्ज’, खाली सगळं सायफरमध्ये, सही हूल्रमाप होपाझी. तोंडातून शब्द काढला नाही. त्यांनी कागद उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.
मंजुळाला सांगितलेलं नाही. माझं पहिलं खरं गुपित.

२३ जानेवारी, सकाळी ११
केंद्रावर ओळख मागितली. रेशनकार्डावर सूर्यभान. सुपरवायझर बाईंना सायफरची कल्पना दिली. त्यांनी पेन्सिल घेतली, हॉल तिकिटावरची अक्षरं एकेक मागं सरकवली. एक मिनिट लागलं. म्हणाल्या, सूर्यभानराव, तुमचा अर्जच आलेला नाही. हूल्रमाप आले तर बसवू.
सवयीनं चपला दाराशी काढल्या होत्या. तिथंच राहिल्या.

२४ जानेवारी
सकाळी मंजुळाला सगळं सांगितलं. तिचं गप्प बसणं सायफरपेक्षा अवघड.
राजीनामा परत मागायला कारखान्यात गेलो. आप्पासाहेबांनी पाठ थोपटली. म्हणाले, तुझा अर्ज मिळाला. अक्षर लई वंगाळ, सही तेवढी लागली. म्हटलं, नामांतराचे दिवस हायेत, यानंबी नाव बदललं असंल. केलं काम.
मस्टर पुढं सरकवलं. टाइमकीपर, कायम: हूल्रमाप होपाझी. शिक्क्यासकट.
घरी येऊन सांगितलं, तर मंजुळा हसली. सकाळपासून पहिल्यांदा.
संध्याकाळी पुंडलिकला विचारलं, नाव पुन्हा बदलून घ्यायला किती दिवस लागतात? तो भिंतीला धरून हसला. मग आत जाऊन कोरा कागद घेऊन आला. आम्हाला सोळा वर्षं लागली, म्हणाला. बस लिहीत. अन् साध्या अक्षरात लिही.