अर्ध्या कॅसेटचा सिनेमा

दिग्रस, १६ नोव्हेंबर

प्रिय जमीरभाई,

बरेच महिने तुला पत्र नाही, माफ कर. लिहायला बसले की तुझ्या घशाचा विषय यायचा आणि कागद बाजूला राहायचा. गझालाभाभींनी फोनवर सांगितलं, नागपूरचे डॉक्टर म्हणतात स्वरयंत्र काढलं तर जीव वाचेल, आणि तू तारीख घेऊनही गेला नाहीस. "बोलताच नाही आलं तर जगून करू काय," म्हणालास म्हणे. मी रागावले आहे. पण रागात लिहिलेलं दुसऱ्या दिवशी मलाच खोटं वाटतं, म्हणून आधी दुसरं सांगते.

कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला आहे: आवडते विज्ञानपट, आणि ते लक्षात का राहतात. ग्रंथपालबाईंना सगळं येतं असा इथे समज आहे. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. माझ्या आवडत्या सिनेमांपैकी एकही मी पाहिलेला नाही, हे तेव्हा कुठे ध्यानात आलं. लहानपणी व्हिडिओ हॉलमध्ये तू जायचास, मुलींना कोण पाठवणार? इंग्रजीतलं अक्षर न कळता तू बघून यायचास आणि अंगणात आम्हाला सांगायचास. शेजारच्या चंदाबाई तूर निवडत ऐकायच्या, म्हणून सगळं वऱ्हाडीत. दोरीला लटकून यानाबाहेर जाणाऱ्या मेकॅनिकचं नाव तू रूपसिंग ठेवलंस. ते यान ज्या ग्रहावर निघालं होतं, तो मारेगावच्याही पलीकडे होता.

परवा तोच सिनेमा मोबाइलवर हिंदीत सापडला. बघितला आणि फोन आपटावासा वाटला. यान सुंदर, तारे सुंदर, आवाज कानठळ्या बसवणारा. मधेच दोरी तुटते, माणूस अंधारात लांब लांब जात राहतो, शेवटी पांढरा उजेड आणि संगीत. संपलं. एवढ्यावर चंदाबाईंनी तुला सोडलं असतं का? "काहून रे, मंग त्याच्या बायकोले कोनं सांगतलं? अन् तिकडं तो खात काय होता?" तेव्हा तू म्हणालास, "मेकॅनिक हाये तो, असा मरत नाही. पाना होता ना त्याच्यापाशी." मग रूपसिंगने पाना जोर लावून उलट्या दिशेला फेकला आणि त्या धक्क्याने तरंगत दाराशी आला. चंदाबाई म्हणाल्या, "पाना तं गेला. आता यान कायनं दुरुस्त करन?" तू म्हणालास, "दातानं करन. तुमी तुरीतले खडे पाहा."

हॉलवाल्याकडे दोनपैकी पहिलीच कॅसेट होती, ती दोरी तुटते तिथेच संपायची, पुढचा सगळा सिनेमा तुझा, हे तू मला माझ्या लग्नात सांगितलंस आणि हसत बसलास.

लेखात मी लिहिलं की विज्ञानपट लक्षात राहतो तो शंका काढणाऱ्या शेजारणीमुळे. वाक्य बरं वाटलं म्हणून लगेच संशय आला. मग तुझीच गोष्ट उतरवून बघितली. माझा रूपसिंग "पाना भिरकावतो" आणि तिथेच मरतो. पाना फेकल्यावर तू गप्प व्हायचास, आम्ही श्वास धरून बसायचो, ते गप्प होणं कागदावर कसं आणू? रोज पान फाडते. घरात सगळ्यांवर खेकसते. तुझ्यावरचा राग त्यांच्यावर निघतो, हे मला कळतं.

भाई, लेख निमित्त आहे. ऑपरेशन कर म्हणायला पत्र कशाला, ते भाभी रोज म्हणतात. मला तो सिनेमा तुझ्या आवाजात हवा आहे, नसलेल्या कॅसेटसकट, आणि तो सांगून झाला की तू नागपूरला जायचं आहेस. हे तुझ्यासाठी मागते की माझ्यासाठी, याचा विचार केला. माझ्यासाठीच मागते. पुढचे सिनेमे तू लिहून दे, अंगणात मी सांगेन. वाईट सांगेन. चंदाबाईंचे कान अजून शाबूत आहेत, त्या मधेच उठून जातील, आणि तू पाटीवर लिहून मला शिव्या दे. पण शिव्या द्यायला तू असायला हवास. हे पत्र मी टपालात टाकत नाही. हातात देईन आणि तू वाचेपर्यंत समोर बसून राहीन.

तुझीच,
हमीदा

उद्या: पहिल्या गाडीने यवतमाळ, तिथून घाटंजी, तुझ्या दारात.