सात इंच पाणी

८ जून, गुरुवार. सकाळी ७. पाणी: शून्य.

नवी वही काढली. आजपासून ओढ्याची रीतसर नोंद. रोज, न चुकता.

जरा पाऊस झाला की हा ओढा रस्त्यावर चढतो आणि लोक नुसते हळहळतात. हळहळून पाणी ओसरत नाही. यंदा एका सीझनमध्ये हा प्रश्न निकालात काढायचा. रस्ता खात्यात बत्तीस वर्षं मुकादमकी केली ती काय रस्त्याकडेचं गवत उपटायला? (गवतही उपटलं. पण तो मुद्दा नाही.)

घाई करायला कारण आहे. ही तिच्या आईच्या घरी आहे, ओढ्यापलीकडे दीड किलोमीटरवर. मागच्या ऑगस्टपासून. घर आवरून येते म्हणाली होती. दहा महिने झाले. सासूबाईंकडे भांडीकुंडी फार. त्यात रस्त्याची ही कथा. एकटं माणूस येणार कसं? रस्ता सुधारला की ही परत येणार. सरळ हिशेब आहे.

दूधवाल्याची गाडी गेली. हात केला. आज हॉर्न दिला नाही.

११ जून, रविवार. पाणी: शून्य.

बोर्डाला नवा रंग. पलीकडच्या काठावरचा बोर्ड दोन वर्षांपूर्वी वाहून गेला. खात्याने दुसरा दिला नाही. मी काही अडून बसलो नाही. तेव्हाच आपल्या बोर्डाच्या पाठीवरही लिहून काढलं. एका बाजूला लाल, 'रस्ता बंद'. दुसऱ्या बाजूला हिरवा, 'रस्ता चालू'. पाणी चढलं की फिरवायचा, उतरलं की पुन्हा फिरवायचा. एका बोर्डात दोन बोर्डांचं काम. ओढा वीस पावलांचा, अक्षर ठसठशीत, पलीकडूनही स्पष्ट वाचता येतं. अशी डोकी खात्यात उरली नाहीत.

लेकीचा फोन. बाबा, तुम्हीच एकदा आईकडे जाऊन का येत नाही, म्हणाली. तिला म्हटलं, आणि बोर्डाकडे कोण बघणार? ड्यूटी म्हणजे ड्यूटी. तिने फोन ठेवला. पटलं असावं.

१९ जून. दुपारी १. पाणी: आठ इंच.

आला बेटा. नियम साफ आहे: काठावरच्या मोजपट्टीवर सहा इंचांच्या वर पाणी गेलं की रस्ता बंद. लाल बाजू पुढे केली. खुर्ची आणि छत्री घेऊन बोर्डाजवळ बसलो.

पलीकडून एक मोटारसायकलवाला सरळ पाण्यातून आला. मोजे भिजले, बरं झालं. त्याला म्हटलं, वाचता येत नाही का? म्हणाला, वाचलं म्हणून तर आलो. शिक्षण वाढलं, वळण नाही.

२२ जून, गुरुवार. पाणी: शून्य.

रस्ता कोरडा. पहाटेच बोर्ड फिरवून हिरवा केला. नऊपासून बारापर्यंत फाटकात उभा. हिची वेताची खुर्ची पुसून ओसरीत ठेवली. कोणी आलं नाही. दूधवाला तेवढा गेला. हात केला. हॉर्न नाही. याचं काहीतरी बिनसलंय.

२ जुलै. पाणी: शून्य.

रोगाचं मूळ सापडलं. रस्त्याखालचा पाइप तुंबलाय. तो मोकळा केला की पाणी खालून जाईल, वर चढणारच नाही. पंधरा फुटी बांबू आणला.

संध्याकाळी. बांबू आत अडकला. पाऊण आत, पाव बाहेर. ओढल्यावर पाव तेवढा हातात आला. बांबूच निकृष्ट.

९ जुलै, रविवार. पाणी: चार इंच.

लेकीने फोनवर 'त्या दिवसा'चा विषय काढला. मी म्हटलं, रेंज नाही. आवाज चांगला येत होता.

त्या दिवसाबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण रेकॉर्ड स्वच्छ असलेलं बरं.

मागच्या वर्षी १७ ऑगस्ट. दुपारी पावणेतीनला निरोप आला की हिच्या आईचं काही खरं नाही, ताबडतोब या. पट्टीवर पाणी सात इंच. बोर्ड लाल. ही पदर खोचून निघाली. मी अडवलं. तासाभरात उतरेल, थांब. ही म्हणाली, एका इंचासाठी? मी समजावलं की आज घरच्यांसाठी एक इंच सोडला तर उद्या गावासाठी दोन सोडावे लागतील. मुकादमाच्याच बायकोने बोर्ड मोडला तर लोक काय म्हणतील? तेवढ्यात पलीकडून दूधवाला गाडी घालून आला. ही म्हणाली, तो कसा आला मग? मी म्हटलं, काही लोकांना नियमाची चाड नसते. ही बोर्डाच्या खांबाला धरून उभी राहिली. दीड तास.

साडेचारला पाणी सहावर आलं. मी स्वतः बोर्ड फिरवला, हिरवा केला, आणि म्हटलं, जा आता निवांत. ही चपला हातात घेऊन गेली. पलीकडे पोचल्यावर एकदा वळून पाहिलं. मी हात केला.

सासूबाई सव्वाचारला गेल्या होत्या.

मी नियमाने वागलो. कोणीही विचारू दे, हेच सांगीन. कोणी विचारत नाही.

३ ऑगस्ट. पाणी: दोन इंच.

नवा प्लॅन. वाळूची चाळीस पोती रस्त्याच्या कडेने. पाणी डोकं आपटून परत जाईल. कंबर धरली. हरकत नाही, काम पाहून ही म्हणेल की या वयात एवढं केलंत.

१० ऑगस्ट. पाणी: चौदा इंच.

रेकॉर्ड. पाणी पोत्यांवरून आत आलं आणि आता पोत्यांमुळे बाहेर जाईना. तिसरा दिवस. काही पोती पाइपात गेली. पोतीच निकृष्ट.

१७ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी ६. पाणी: पाच इंच.

वर्ष झालं. नियमाप्रमाणे पाच म्हणजे चालू. काल रात्रीच बोर्ड हिरवा करून ठेवला. इस्त्रीचा सदरा घातला. आज ती येणार. मला माहीत आहे. आजच्या दिवशी तिथे एकटी कशी राहील?

दुपारी १२. दूधवाला जपून पाण्यातून गेला. हात केला. त्याने मान दुसरीकडे वळवली.

संध्याकाळी ७. सदरा घडी करून ठेवला. बहुतेक बोर्डावरचं अक्षर लहान पडतंय. उद्या मोठं करतो.

५ सप्टेंबर. पाणी: शून्य.

नवे साहेब खोदकामाचं मशीन घेऊन आले. माझ्या सात अर्जांचा परिणाम. (साहेब म्हणाले, अर्ज पाहिले नाहीत, दूधवाल्याने तक्रार केली होती.) पाइपातून निघालेला माल: गाळ, माझा बांबू, माझी नऊ पोती, माझी हरवलेली बादली, आणि पलीकडचा वाहून गेलेला जुना बोर्ड. दोन वर्षं तोच आडवा बसला होता. साहेबांनी अर्ध्या तासात पाणी वाहतं केलं. आता नाही चढणार, म्हणाले.

मग विचारलं, तुम्ही कोणाच्या ड्यूटीवर आहात? यादीप्रमाणे तुम्ही मागच्या वर्षी एप्रिलमध्ये रिटायर झालात. मी म्हटलं, ओढा कुठे रिटायर झालाय? साहेब हसले. मीही हसलो.

एप्रिल. म्हणजे त्या ऑगस्टच्या आधी चार महिने. त्याचं काय एवढं.

६ सप्टेंबर. पाणी: शून्य.

जुना बोर्ड धुतला आणि पलीकडच्या काठावर लावायला निघालो. वर्षभराच्या वर झालं, मी ओढा ओलांडला नव्हता. गरजच पडली नव्हती. खांब ठोकला, घाम पुसला आणि मागे वळून आपला बोर्ड पाहिला.

लाल. 'रस्ता बंद'.

सकाळी मीच हिरवा करून आलो होतो. धावत इकडे आलो. हिरवा. तिकडे गेलो. लाल. तीनदा फेऱ्या मारल्या, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला.

म्हणजे इकडे चालू, तेव्हा तिकडे बंद! आता सगळा उलगडा झाला! ही बिचारी रस्ता कोरडा झाला की निघत असणार, काठापर्यंत येत असणार, 'रस्ता बंद' वाचून माघारी जात असणार. शेवटी बायको कोणाची? नियम पाळणारी! वर्षभर माझ्याच बोर्डाने तिला परत पाठवलं. इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. दोन्ही बोर्ड नीट केले. तिची खुर्ची पुसली. उद्या, फार तर परवा.

८ सप्टेंबर, शुक्रवार. पाणी: शून्य.

काल कोणी आलं नाही. आज दूधवाल्याला थांबवून बोर्डाची गंमत सांगितली. तो हसला नाही. म्हणाला, मुकादम, तो बोर्ड कोण वाचतं हो? लोक पाणी बघतात आणि जातात. मी एकदाच वाचला होता, मागच्या वर्षी पाणी होतं तेव्हा. गाडी घालू की नको कळेना. हिरवा दिसला म्हणून घातली.

मी म्हटलं, कधी? त्याने सांगितलं नाही. मला माहीत होतंच.

मग खाली बघत म्हणाला, ताई गुरुवारी हॉर्न देऊ नका म्हणतात. मी म्हटलं, कोण ताई? म्हणाला, तुमच्या घरच्या. दर गुरुवारी माझ्या गाडीत पुढे, माझ्या पलीकडे बसून येतात. दवाखाना, बाजार. आणि परत जातात.

दर गुरुवारी. माझ्या फाटकावरून. मी हात करत होतो.

१७ ऑगस्टही गुरुवारच होता. इस्त्रीचा सदरा तिने पाहिला असणार.

९ सप्टेंबर.

पाणी बघितलं नाही.

१० सप्टेंबर, रविवार.

लेकीचा फोन. रेंज नाही म्हटलं नाही. बोर्डाचं सांगताना रडलो. बाबा, मला माहीत आहे, म्हणाली. कधीपासून, ते विचारायचा धीर झाला नाही.

लिहून ठेवतो. त्या दिवशी सात इंच पाणी दोन्ही बाजूंना सारखंच होतं. दूधवाल्यासाठी रस्ता चालू होता आणि हिच्यासाठी बंद. दोन्ही अक्षरं माझ्याच हातची. नोकरीही नव्हती. हिला तिच्या आईपाशी ओढ्याने जाऊ दिलं नाही असं वर्षभर म्हणत आलो. ओढ्याने नाही. मी जाऊ दिलं नाही.

उद्या जातो. काय बोलायचं ते कागदावर काढलंय. मुद्दे नऊ.

११ सप्टेंबर. पाणी: शून्य.

गेलो. ही अंगणात कपडे वाळत घालत होती. घर केव्हाच आवरून झालेलं दिसलं. एक कपाट, एक खाट, लखलखीत. केस बरेच पांढरे झालेत.

कागद खिशातच राहिला. बोर्ड चुकला होता, एवढंच तोंडातून आलं.

ही म्हणाली, माहीत आहे. त्या दिवशी इकडे पोचल्यावर मागे वळून पाहिलं होतं. तुम्ही हात करत होतात आणि शेजारी लाल अक्षरात रस्ता बंद. तेव्हाच कळलं.

मी म्हटलं, मग सांगितलं का नाहीस?

म्हणाली, वाटलं, तुम्ही एकदा इकडे याल. आलात की दिसेल.

तिने पाणी दिलं. मी प्यालो. भांडं तिने हातातून घेतलं आणि विचारलं, वाटेत पाणी आहे का? मी म्हटलं, नाही. आता एक इंचसुद्धा नाही.

मग तुम्हाला परत जायला काही अडचण नाही, म्हणाली.

खरंच काही अडचण आली नाही.