राखणदाराचा शब्द

॥ श्री रेणुकामाता प्रसन्न ॥

पिंपळगाव रेणुकाई,
दि. ४ ऑगस्ट २०२४

चि. आकांक्षा हिला आज्जीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अक्षर ओळखलं असशील. हे पत्र तुझा बाप मच्छिंद्र लिहून राह्यला. मी सांगते, तो लिहितो. मला अक्षर येत न्हाई आन त्याला आईला ना म्हणता येत न्हाई. शेजारची रूपाली अंगणवाडीत शिकवती, तिनं जल्दी लिहून दिलं असतं. पण तिला कामं हाईत. तुझ्या बापाला सध्या रुसण्याबिगर दुसरं काम न्हाई. हेबी लिही म्हणलं, तर लिहिलं त्यानं.

अंबडकडच्या पाहुण्यांनी नोकरी सोड म्हणलं, आन तू पत्रिका वाटून झाल्यावर स्वतः फोन लावून लग्न मोडलंस. अंगणात माणसांसमोर हा म्हणला, “या दारात पुन्हा पाऊल टाकू नको.” तवापासून तुझं नाव घेत न्हाई. तुझी आई नंदा गोठ्यामागं जाऊन तुला फोन करती. इथं पेन थांबला. लिही म्हणलं, बाबा, तुला काय ठावं न्हाई व्हय. मला त्या फोनातलं ऐकू येत न्हाई, म्हणून हा पत्राचा खर्चा.

नंदा सांगत व्हती, तू दर शनिवारी पोरापोरींना घरी बसवून फासे टाकती. जुगार असंल तर तसं सांग. नसंल तर काय ते बराबर लिही, मलाबी खेळायचं हाय.

आठवण येती तशी पत्रं येऊ दे.
तुझी आज्जी (खाली अंगठा लावला हाय)

पुणे,
दि. १४ ऑगस्ट २०२४

ती. आजीस आकांक्षाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. पाकिटावरचं अक्षर पाहून ते बराच वेळ फोडलं नाही.

जुगार नाही गं. आम्ही टेबलाभोवती बसून एक गोष्ट रचतो. प्रत्येकाला एक भूमिका असते: योद्धा, मांत्रिक, वैद्य, चोर, राखणदार. मी गोष्ट पुढे नेते. समोर दरी आहे, पूल तुटलाय, काय करता? जो तो आपल्या भूमिकेप्रमाणे ठरवतो, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा सांगतो. नियमांचं जाडजूड पुस्तक आहे. चोराला कुठलंही कुलूप उघडता येतं, पण समोरासमोर लढता येत नाही. राखणदार ज्या दारात उभा राहील तिथून त्याला कोणी हलवू शकत नाही. मात्र त्यानं एकदा शब्द दिला की तो त्याला मागं घेता येत नाही.

सध्या आमची मंडळी बर्फाळ डोंगरातल्या एका गढीकडे निघाली आहे. चोर आणि राखणदार या दोन जागा रिकाम्या आहेत. तू पत्रातून चाल कळव, तुझा फासा मी टाकीन. तुझ्यासाठी म्हणून खोटा टाकणार नाही.

वाचून दाखवणाऱ्यांनाही नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे ते तूच कळव.

तुझ्या आशीर्वादात ठेव.
आकांक्षा

पिंपळगाव रेणुकाई,
दि. २७ ऑगस्ट २०२४

चि. आकांक्षा हिला अनेक आशीर्वाद.

मी चोर व्हणार. सासूच्या कपाटातला गूळ काढून याच लिहिणाऱ्याला खाऊ घातलाय, हात बसलेला हाय. माझी पहिली चाल अशी, की माणसं गढीत शिरली की मी एकटी मागच्या डोंगराची वाट बघून येते.

गुडघ्याचं विचारलेलं त्यानं वाचलंच न्हाई. दुसऱ्या दिवशी रूपालीकडून तुझं पत्र पुन्हा वाचून घेतलं तवा कळलं. गुडघा दुखतो. तेल लावतो आन लावलं न्हाई म्हणतो.

मंग वाटलं, लिहिणाऱ्याला असं फुकट राबवू नये. विचारलं, तू कोण व्हतो? म्हणला, पोरखेळ नको मला. अन् सोयाबीनला फवारा मारून आला, हात धुता धुता म्हणला, राखणदार लिही. मी म्हणलं, लिहायचं तुलाच हाय. त्याची चाल त्याच्याच शब्दात सांगते: राखणदार गढीच्या दारात उभा ऱ्हाईल आन उजाडेपर्यंत बाहेरच्या कोणालाच आत घेणार न्हाई. शब्द दिला म्हणतो. मी बाहेर हाय हे त्याच्या ध्यानात आलं का न्हाई, कोण जाणे.

जेवत जा बराबर.
तुझी आज्जी

पुणे,
दि. ९ सप्टेंबर २०२४

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुमच्या चाली टेबलावर वाचून दाखवल्या. सगळ्यांना आवडल्या. राखणदारांचे विशेष आभार.

मधेच एक अडचण आली आहे. खेळ काढणाऱ्यांनी नियमांचं नवं पुस्तक आणलंय. बऱ्याच भूमिका बदलल्या, आणि राखणदाराची सगळ्यात जास्त. आता त्याला शब्द मागं घेता येतो. पण त्यासाठी ढाल खाली ठेवून आधी त्यानंच दाराबाहेर पाऊल टाकायचं.

आमच्याकडे चालू गोष्टीत नियम बदलायचा तर सगळ्यांचं एकमत लागतं. योद्धा झालेली माझी मैत्रीण अर्पिता आधी भांडली. म्हणाली, मग शब्दाला अर्थ काय राहिला. शेवटी तीही हो म्हणाली. तुम्हा दोघांचं मत कळवा. मी माझं सांगणार नाही, खेळ चालवणारीनं सांगायचं नसतं.

आईला सांग, मी बरी आहे. आता गोठ्यामागं जायची गरज नसावी.

तुझी
आकांक्षा

पिंपळगाव रेणुकाई,
दि. १९ सप्टेंबर २०२४

खेळ चालवणाऱ्यास,
स. न. वि. वि.

कळविण्यात येते की, राखणदार नवीन नियमास संमती देत नाही. खेळ अर्ध्यावर असताना नियम बदलणे योग्य नव्हे. मागे घेता येत असेल तर त्यास शब्द म्हणू नये. चोरास विचारले असता, तिला नवा नियम चालेल असे तिने सांगितले. गुडघा बरा आहे.

कळावे.
मच्छिंद्र (राखणदार)

पुणे,
दि. ७ ऑक्टोबर २०२४

ती. आजीस व ती. अण्णांस शि. सा. न. वि. वि.

राखणदाराचं म्हणणं मान्य. जुना नियम कायम ठेवला.

आजी, तू डोंगराची वाट पाहून परत निघालीस तेव्हा तुझा फासा टाकला. तीन पडला. उतारावर पाय घसरला आणि कुलूप उघडायच्या सळ्या दरीत गेल्या. तू गढीच्या दाराशी पोचलीस तेव्हा बर्फाचं वादळ सुरू झालं होतं. आत राखणदार उभा आहे. उजाडायला वेळ आहे. जुन्या नियमानं त्याला दार उघडता येत नाही, आणि एवढ्या थंडीत चोर उजाडेपर्यंत टिकत नाही.

टेबलावरचे सगळे म्हणाले, आजी आहे तुझी, पुन्हा टाक फासा. मी टाकला नाही.

अण्णा, हे मी मुद्दाम घडवून आणलेलं नाही. पण तुमच्या वतीनं ते दार मी उघडणार नाही. नव्या नियमाला बाकी सगळ्यांचा होकार माझ्याकडे आहे. येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी गोष्ट पुढे जाईल. तोवर मी थांबते.

दोघांची
आकांक्षा

पिंपळगाव रेणुकाई,
दि. १९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

चि. आकांक्षा हिला आज्जीचे आशीर्वाद.

अक्षर निराळं दिसंल. ही रूपाली लिहून राह्यली, कारण तुझा बाप घरी न्हाई. पोस्टाला तेवढा येळ न्हाई म्हणून ती याचा फोटो काढून तुझ्या फोनवर धाडंल.

तुझं पत्र त्यानंच वाचलं. ‘अण्णा’ आलं तिथं थांबला, पाणी पिला, मंग पुढचं वाचलं. मी म्हणलं, मेला वाटतं माझा चोर. उठून वावरात गेला. सोयाबीन काढायच्या गडबडीत व्हता, ते एक निमित्त झालं. काल जेवायला बसला आन ताटाकडं बघत म्हणला, “बाहेर किती येळ उभी ऱ्हाईल ती?” कोण, ते मी विचारलं न्हाई. विचारलं असतं तर म्हणला असता, तूच की.

आज पहाटं उठून बघते तर अंघोळ करून तयार. तुझ्या पाकिटावरचा पत्ता फाडून खिशात घातला. पिशवीत सीताफळं भरली. नंदानं विचारलं कोणासाठी, तर म्हणला वाटेत खायला. कच्ची सीताफळं वाटेत कोण खातं? भोकरदनहून गाडी धरली असंल. सांजच्याला तुझ्या दारात येईल.

काय बोलायचं ठरवलंय मला ठावं न्हाई. त्यालाबी नसंल. माफी मागंल अशा आशेवर बसू नको. त्याच्या बापाला ते जमलं न्हाई, हा तर त्याचाच पोरगा. दारात उभा ऱ्हाईल आन पत्ता हाच का म्हणून विचारंल.

रूपाली म्हणून राह्यली, आज्जी, पोरीला सांगा दार उघड म्हणून. मी बिलकुल सांगणार न्हाई. त्यानं दार लावलं तवा तुला विचारून लावलं नव्हतं. आता हे दार तुझं हाय, तिथं तू उभी. माघारी लावलंस तरी मी तुझी आज्जीच, त्यात फरक पडत न्हाई.

एवढंच हाय, की त्या माणसाच्या पोटात पहाटंपसून चहाशिवाय काही न्हाई. जेवू घातल्याबिगर त्याला माघारी धाडू नको. ते कसं जमवायचं ते तुझं तू बघ.

जीव हाय तवर जीव लावून ऱ्हा.
तुझी आज्जी, तुळजाबाई